गंगेत सोडून ये

कोन्नगरला गंगेच्या काठी प्रद्योत लाहिडींच्या घरी दर रविवारी सकाळी लेखकांची बैठक भरे. नव्या लेखकानं आपली कथा मोठ्यानं वाचायची, बाकीचे तिची चिरफाड करत असताना तोंडातून ब्रही काढायचा नाही, आणि सगळं आटोपल्यावर गार झालेला चहा मुकाट प्यायचा, असा तिथला रिवाज होता. तरी माणसं येत. प्रद्योतदांची कादंबरी दर वर्षी कलकत्त्याच्या एका बड्या साप्ताहिकाच्या दुर्गापूजेनिमित्त निघणाऱ्या खास पूजा अंकात येई, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस एक ना एक दिवस छापला जातोच, असं गावात म्हणत. नेमका कोण छापला गेला, ते मात्र कुणालाच आठवत नसे.

सुलग्ना घोषाल तिथं पहिल्यांदा गेली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. प्राथमिक शाळेत शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, म्हाताऱ्या विधवा आईबरोबर राहायची. पूजा अंकात एकदा, फक्त एकदा, आपलं नाव छापून यावं आणि आईनं ते वाचावं, एवढंच तिला हवं होतं. आई अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारी. धाकटी निदान कशाच्या तरी उपयोगी पडली, असं तिला वाटलं असतं.

कथा थोरल्या बहिणीची होती. अलका फिरत्या नाटक मंडळीतल्या एका बासरीवाल्याबरोबर पळून गेली आणि पुन्हा कधी दिसली नाही. तेव्हापासून आईनं दिवसाउजेडी रस्त्यावरच्या दाराला कडी लावली नव्हती. "पोर आली तर तिला दार वाजवायची पाळी यायला नको," असं ती म्हणायची. बापाच्या तेराव्यालासुद्धा दार सताड उघडं होतं. अख्खी गल्ली त्या दारापुढून जाताना आवाज खाली आणायची, आणि आई कशी असावी ते सुनांना सांगायला तेच दार दाखवायची. सुलग्नानं हे सगळं लिहिलं होतं.

वाचून झालं. विमा कंपनीतून निवृत्त झालेले पोल्टूदा चुरमुऱ्यांचा बकाणा भरत म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं हो. पण ते काय, कांदा चिरतानाही येतं."

सगळे खिदळले. प्रद्योतदा डोळे मिटून आरामखुर्चीत पडले होते. झोपले असावेत असं सुलग्नाला वाटलं.

"मधे दोन पानं नुसती प्राजक्ताची फुलं पडतायत," ते डोळे न उघडता म्हणाले. "का गं?"

तिनं तोंड उघडलं आणि नियम आठवून पुन्हा मिटलं.

"मीच सांगतो. लिहिणाऱ्याला जिथं जायचं नसतं ना, तिथं तो फुलं नाहीतर चांदणं पसरतो. ऐकून ठेवा रे सगळ्यांनी, फुकट सांगतोय. बहीण परत आलीच नाही म्हणतेस. मग अंगणातल्या प्राजक्ताकडे इतका वेळ बघत कोण उभं होतं? आणि दाराकडे का नव्हतं बघत?"

तीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"खोटी कथा आहे," प्रद्योतदा म्हणाले. "मूर्तिकार महिनोन् महिने देवी घडवतो, पूजा संपली की ती पाण्यात जाते. तो काय गळा काढतो? पुन्हा नवी घडवतो. जा, ही गंगेत सोडून ये."

त्याच संध्याकाळी ती घाटावर गेली. हातानं लिहिलेली ती एकच प्रत होती. तिनं कागद कपाळाला लावले, वर एक जास्वंद ठेवलं आणि पायरीवर वाकून पाण्यात सोडले. देवीला निरोप देताना बायका पुटपुटतात तसं "पुन्हा ये गं" असंही पुटपुटली. कागद थोडा वेळ तरंगले आणि मग दिसेनासे झाले.

पुढच्या रविवारी तिनं सांगितलं, "सोडून आले."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग जो हशा उसळला तो थांबेचना. "खरंच बुडवली?" पोल्टूदांना ठसका लागला. "अहो बाई, मला तर दर वर्षी बुडवायला सांगतात! सगळं ट्रंकेत सुखरूप आहे. दादा प्रत्येकालाच म्हणतात ते!"

सुलग्नाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण प्रद्योतदा हसले नाहीत.

"दात काय काढताय?" ते गरजले. "तुम्हा सगळ्यांत ही एकटी लेखिका आहे. सांगितलेलं ऐकलं तिनं." आणि त्या दिवशीचा पहिला, वाफाळता चहा त्यांनी स्वतःच्या हातानं तिला दिला. बिचारी त्या चहाला भुलली. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मग बैठक उठली तरी ते तिला थांबवून घेऊ लागले. "लिहिलंस?" "नाही जमत, दादा." "मग आधी बोल. जे बोलता येतं तेच लिहिता येतं. सकाळ होती की दुपार?"

"दुपार."

"घरात कोण?"

"मा. बाबा यायचे होते जेवायला. ती मासे तळत होती."

"आणि तू?"

"गच्चीवर. कपडे काढायला गेले होते."

"दार वाजलं?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"उघडलं?"

ती हातातल्या कपाकडे बघत राहिली. प्रद्योतदांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बघ, आली की नाही दारापाशी! आता न घाबरता आत जा. मी आहे." इतकं कान देऊन तिचं बोलणं कुणी कधी ऐकलं नव्हतं. यालाच शिकवणं म्हणत असतील, असं तिला वाटलं.

घरी येऊन ती लिहायला बसे आणि 'दार वाजलं' या दोन शब्दांपाशी अडकून पडे. पलीकडच्या खोलीत आई जपमाळ ओढत असायची. गच्चीच्या कठड्यावरून दिसलेली अलकादीदी, तिचं पदराआडचं वाढलेलं पोट, दारावर टेकलेलं कपाळ, आणि ते न उघडलेलं दार, हे सगळं कागदावर आलं तर म्हातारीजवळ उरणार काय? ते उघडं दार हीच तिची अब्रू होती, आणि बहुधा तिची झोपही. श्रावणात सुलग्नानं मनाशी ठरवून टाकलं.

"दादा, हे मी नाही लिहिणार. मा आहे अजून."

"तुझी मर्जी," प्रद्योतदा म्हणाले. ती चपला घालत असताना त्यांनी सहज विचारलं, "मासे कुठले होते गं?"

"पारशे."

पूजा अंक आला. ती शाळेतून परतली तेव्हा आई खिडकीशी बसली होती, मिटलेला अंक मांडीवर, चष्मा हातात. लेकीच्या गुरूची कादंबरी म्हणून तिनं तीच आधी वाचली होती. त्यात एक आई होती. थोरलीची हाक ऐकून ती दारापर्यंत जाते, थबकते आणि स्वयंपाकघरात परत येते. पारशे करपू नयेत म्हणून ते एकेक करून उलटते, आणि हाक बंद होईपर्यंत उलटतच राहते. पुढे जन्मभर दार उघडं ठेवते, लोकांना दिसावं म्हणून.

"तू गच्चीवर होतीस," आई म्हणाली.

"मा, मी त्यांना—"

"मी मासे उलटले, ते तुला गच्चीवरून कसं दिसलं?"

सुलग्नाला ते दिसलं नव्हतं. तिनं ते कुणाला सांगितलंही नव्हतं. आरामखुर्चीत पडल्या पडल्या त्या माणसानं ते मनानं रचलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. हे आईला सांगायचं कसं? सांगितलं तरी तिनं विश्वास का ठेवावा?

दोन दिवसांत गल्लीनंही अंक वाचला. समोरच्या मुखर्जींची सून खिडकीतून गोड आवाजात ओरडली, "मासीमा, आज पारशे वाटतं? वास सुटलाय हो!" आईनं पहिल्यांदाच खिडकी लावून घेतली.

रविवारी सुलग्ना बैठकीत जाऊन उभीच राहिली. "ती माझी कथा होती."

"होती," प्रद्योतदा शांतपणे म्हणाले. "तू बुडवलीस ना? विसर्जनानंतर माती विरघळते आणि पेंढ्याचा सांगाडा तरंगत राहतो, लहानपणापासून बघतेस की. जो ओढून काढेल त्याचा तो. मूर्तिकार त्यावर नवी माती चढवतो. आधीची देवी कुणाच्या घरची, असं कुणी विचारतं का?"

"वा, दादा!" पोल्टूदांनी मांडीवर थाप मारली.

"माझी आई वाचते तुम्हाला."

"मग चांगलंच की. खरं सांग, साधली आहे ना?"

साधली होती. तिला जन्मात साधली नसती इतकी साधली होती. त्याचाच तिला सर्वांत जास्त संताप आला, आणि त्या संतापाचीही लाज वाटली.

"चिडू नकोस गं," ते मायेनं म्हणाले. "आता तुला लपवायला काही उरलं नाही. लेखकाला आणखी काय हवं असतं? घरी जा, दार लाव आणि लिही. अरे, चहा द्या तिला."

ती चहा न घेता निघाली. बाप गेल्यापासून आई स्वतः मासे खात नसे, पण रविवारी लेकीसाठी न चुकता करायची. गल्लीत शिरताच मोहरीच्या तेलाचा वास आला आणि सुलग्नाला जरा हायसं वाटलं. आईच्या पायांवर डोकं ठेवायचं, मारलं तरी मार खायचा, असं ठरवून तिनं दार ढकललं.

दार हललं नाही. आतून कडी होती.

"मा," तिनं हाक मारली. मग कडी वाजवली. समोरच्या खिडकीत मुखर्जींची सून येऊन उभी राहिली. आत पावलं वाजली. हळूहळू दारापर्यंत आली आणि थांबली. फळीपलीकडचा म्हातारीचा श्वास ऐकू येण्याइतकी ती जवळ होती.

"मा, मी आहे गं. सुलू."

पावलं परत फिरली. अंगणातल्या प्राजक्ताची सकाळी भिंतीवरून पायरीशी पडलेली फुलं उन्हानं तपकिरी झाली होती. सुलग्नानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती दाराला कपाळ टेकून उभी राहिली, आणि आत कढईत मासा उलटल्याचा आवाज झाला.