जोर नवव्या अक्षरावर

ओ-तो-री-नो-ला-रिन-गो-लो-खी-आ. दहा तुकडे आणि जोर नवव्यावर, ‘खी’वर. स्पॅनिशमध्ये कान-नाक-घसा विभागाचं नाव एवढं लांबलचक आहे, त्याला मी काय करणार? तेवीस वर्षं ही भाषा शिकवतेय, पण माझ्या ताईइतकी हट्टी विद्यार्थिनी पाहिली नाही. आठवडाभर ती पडदे शिवता शिवता घोकत होती आणि दर वेळी तिचं घोडं ‘लो’वरच अडत होतं.

तिचा मुलगा तिकडे, स्पॅनिश मुलखात, नोकरीला आहे. घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज परत येईलच असं नाही, हे त्याच्या मित्राने कळवलं. तो स्वतः दोन वर्षं ताईचा फोन उचलत नव्हता. म्हणून तिने इस्पितळाचा नंबर मिळवला. विभागाचं नाव सांगितलं की तिथे जोडून देतात.

“मी करते ना फोन,” मी म्हटलं.

“तू मावशी. आईनेच फोन करायला हवा,” ताई म्हणाली. “नर्स त्याच्या कानाला फोन लावेल. उलट बोलता यायचं नाही त्याला, निदान ऐकून तरी घेईल.”

मला हसू यायला हवं होतं, किंवा रडू. मायलेकांची भांडणं निस्तरून निस्तरून माझं मन पार बधिर झालं होतं, काहीच आलं नाही.

शनिवारी दुपारी तिने शिलाई मशीन बंद केलं, फोन स्पीकरवर टाकला आणि तो शब्द म्हटला. दहाही तुकडे स्वच्छ, जोर बरोबर ‘खी’वर. लगेच जोडून दिलं. पुढचं मी विचारलं. नर्स बोलत राहिली आणि ताई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“काय म्हणते?”

“मंगळवारीच घरी गेला. आवाज आलाय. जाताना सगळ्यांशी बोलला, एकेकाचे आभार मानले.” धडा वाचून दाखवावा तसं मी सांगून टाकलं.

“सगळ्यांशी?”

“हो.”

ताईने मांडीवरचा पडदा बाजूला ठेवला. आणखी काही हवंय का, असं नर्स विचारत होती. मी तसं ताईला सांगितलं.

“विचार तिला,” ती म्हणाली, “पहिल्यासारखाच आहे का आवाज?”

मी विचारलं. नर्स म्हणाली, पहिला आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

“तसाच आहे म्हणते,” मी ताईला सांगितलं.