शोष्या हलणार नाही

फुगून न मिटणारा दरवाजा. दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले लग्नाचे फोटो. एकच ओला बूट. छतावर बशीएवढा पिवळा डाग.

मित्रांनो, असं काही दिसलं की लोक मला बोलावतात. मी एक जुना शोष्या आहे. कारखान्यात माझं नाव लांबलचक होतं, पण काम एकच: हवेतली ओल शोषायची आणि पोटातल्या टाकीत साठवायची. शोष्या हे नाव नणंदबाईंनी ठेवलं. पाण्याने नासलेली घरं पुन्हा राहण्याजोगी करून द्यायचा धंदा त्यांनी आणि त्यांच्या वहिनींनी मिळून काढला. तेव्हा यंत्र म्हणाल तर मी एकटाच होतो.

टेलरकाकांकडे पाण्याचा पाइप फुटला. मी रात्रंदिवस घुमलो. टाकी भरत राहिली, भिंत मात्र वाळेना. तेवढ्यात एका हॉटेलचं मोठं काम चालून आलं, आणि त्यांना माणसं लगेच हवी होती.

नणंदबाईंनी भिंतीला तळवा लावला. "कोरडी लागतेय. रंग मारू आणि याला उचलू. हॉटेलवाले थांबायचे नाहीत, वहिनी."

वहिनींनी ओल मोजायच्या सुया भिंतीत टोचल्या. "आतून चिंब आहे, वन्सं. आता रंग मारला तर पोपडे येतील, आणि ते आपल्या नावाचे असतील. शोष्या हलणार नाही."

नणंदबाईंनी सुयांचा आकडा पाहिला. मग त्यांनी स्वतःच हॉटेलला फोन लावला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं.

वहिनी तिथेच ठाण मांडून बसल्या. थोड्या वेळाने टेलरकाका आले आणि त्यांनी खिडक्या सताड उघडल्या. रोजच उघडायचे.

"बिचारं एकटंच घुमतंय, जरा वारं लागू दे."

"काका," वहिनी हसू दाबत म्हणाल्या, "तुमची भिंत सोडून हा अख्खी गल्ली वाळवत बसलाय."

खिडक्या बंद झाल्या, बाहेरची दमट हवा अडली आणि भिंत खरोखर वाळली. पुढे काका मापं घेता घेता गिऱ्हाइकांना ही गंमत सांगू लागले आणि आमची कामं वाढत गेली. आता गोदामात माझी धाकटी भावंडं ओळीने उभी असतात. मी कोपऱ्यात आहे, जाळीत धूळ साचली आहे. पण मित्रांनो, तेवढी जाळी धुऊन द्या, मी अजून ओल ओढतो. आणि भिंतीला नुसता हात लावून ती वाळली असं समजू नका.

हॉटेलला नकार दिला त्या सकाळी नणंदबाई या धंद्याच्या भरवशावर आपल्या नोकरीचा राजीनामा देऊन आल्या होत्या.