गाडी आलेली नाही

खोटं बोलून माणसाला मनोरुग्णांच्या दवाखान्यात आणायची आपल्याकडची रीतच आहे, मेली! आप्पासाहेबानं तरी वेगळं काय केलं? पैठणच्या आपल्या थोरल्या भावाला, पुंजारामला, "चल, खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेऊ" म्हणून एसटीत बसवलं आणि औरंगाबादला वॉर्डात आणून सोडलं. वर मायेनं टपरीवरचा चहा आणला, तोही काचेच्या ग्लासात. वॉर्डात काच चालत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता तोच ग्लास फोडून त्याचा तुकडा पुंजारामनं स्वतःच्या गळ्याला लावला होता.

"गाडी बोलवा! मला मारुतीला जायचंय. नाय तर हितंच कापून घेतो!"

समोर ताहेरा सिस्टर. ह्या वॉर्डात नवीनच. हात तिनं मोकळे, त्याला दिसतील असे ठेवले. दारातल्या वॉर्डबॉयना नजरेनंच थोपवलं.

"सिस्टर, आली म्हणा की गाडी!" आप्पासाहेब मागून कुजबुजला. "बाहेर निघाला की धरू त्याला."

किती सोपं! ताहेराच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ह्याला आणखी एकदा फसवलं, तर उद्या गोळी कोणत्या तोंडानं द्यायची?

"गाडी आलेली नाय, पुंजारामभाऊ," ती हळू म्हणाली. "येणारबी नाय. हा दवाखाना हाय. तुम्हाला खोटं सांगून आणलंय."

काच रुतली. सदऱ्यावर रक्ताचा थेंब ओघळला. आप्पासाहेबानं कपाळावर हात मारला. या अल्लाह, चुकले का मी? ताहेराच्या मनात आलं, पण ती जागची हलली नाही.

"म्हंजे मी येडा?"

"आजारी. झोप नाय तुम्हाला, कानात आवाज येतात. लई सोसलं तुम्ही. इलाज हाय."

"सुई टोचणार?"

"टोचणार. दुखंल जरा."

"बांधणार?"

"काच खाली ठेवली तर बांधायची गरज नाय. मी हितंच बसते." आणि ती खरंच फरशीवर बसली.

पुंजाराम बघतच राहिला. मग त्याचा हात खाली आला आणि काच फरशीवर टेकली. एक वॉर्डबॉय लगेच झेपावायला निघाला.

"थांब!" ताहेरा अशी कडाडली, की तो जागीच थिजला. काच तिनं हातानं मागं सारली.

पुंजारामनं भावाकडं मान वळवली. "आप्पा, आता तू सांग. आपण कुठं आलोय?"

आप्पासाहेबानं मान खाली घातली.

"दवाखान्यात, दादा," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

पुंजारामनं बाही वर सारली. "द्या सुई, बाई."