तेल कुणी घातलं?

चाप ओढला तसा नुसता खट् असा आवाज झाला आणि अकीशू बर्फावर पालथा पडल्या पडल्या तसाच थिजून राहिला. दीडशे पावलांवर हरणाच्या जातीचे सात कॅरिबू खुरांनी बर्फ उकरून खालचं शेवाळ खात होते. त्यांतल्या एका मादीने मान वर केली, कान हलवले आणि पुन्हा खाली घातली. बंदूक उडालीच नव्हती.

"काय झालं?" शेजारी पडलेली उलायू कुजबुजली, आणि विचारता विचारताच तिने बंदुकीचा बोल्ट, काडतुसामागचा सरकता दांडा, उघडायला हात पुढे केला.

"हात काढ!" अकीशू खेकसला.

तिने हात मागे घेतला. काडतूस कधी कधी उशिरा पेटतं, आणि घाईने बोल्ट उघडला तर तोंडावर फुटतं. अशा वेळी नळी समोर धरून तीस आकडे मोजायचे, मग उघडायचं. अकीशूने मोजायला सुरुवात केली. पण मोजताना त्याला कॅरिबूंपेक्षा भलतीच गोष्ट डाचत होती. तो आईवर ओरडला होता.

उलायूचं वय चोवीस, अकीशूचं एकसष्ट. ती त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिच्या जन्माआधी तीन महिने अकीशूची आई वारली आणि तिचं नाव या पोरीला मिळालं. इथल्या रीतीने नाव मिळालं की त्या माणसाचं सगळंच मिळतं, मान, रुसवे-फुगवे आणि नातीसुद्धा. तेव्हापासून तो तिला आई म्हणतो आणि ती त्याला पोरा म्हणते. ती रांगत होती तेव्हा त्याचा कान धरून लोंबकळायची, आणि गावात पाण्याचा टँकर चालवणारा हा आडदांड माणूस निमूट बसून राहायचा. आईपुढे बोलणार काय?

तीस झाले. त्याने काडतूस काढून खिशात टाकलं, दुसरं भरलं, त्याच मादीच्या खांद्यामागे नेम धरला. पुन्हा खट्. पुन्हा तीस. तेवढ्यात वारं फिरलं, कळपाला माणसाचा वास गेला, आणि सातही कॅरिबू टेकडीपलीकडे दिसेनासे झाले.

"पोरा, उद्या मिळतील," उलायू म्हणाली.

अकीशूने ते दुसरं काडतूसही खिशात टाकलं. परवा दुपारच्या विमानाने लीया येणार होती. त्याची बायको पाच महिने दक्षिणेतल्या इस्पितळात होती, आणि आता डॉक्टरांनीच हात टेकले होते. घरी न्या, म्हणाले. फोनवर ती एवढंच बोलली होती, "इथली ती पांढरी कोंबडी खाऊन कंटाळले बाई. घरी आले की मला कॅरिबू हवा. हाडाजवळचा." त्या साली कॅरिबू एवढे कमी होते की घरटी एकच मारायची परवानगी होती, तीही चिठ्ठ्या टाकून. गावातल्या एकाही फ्रीजरमध्ये तुकडा शिल्लक नव्हता. असता तर कुणीही दिला असता, पण नव्हता. अकीशूच्या नावाची चिठ्ठी निघाली होती. उसन्या आणलेल्या स्नोमोबिलमध्ये, म्हणजे बर्फावरच्या फटफटीत, पेट्रोल उद्या दुपारपर्यंत पुरेल एवढं होतं. आणि बंदूक ही.

त्याची जुनी बंदूक गेल्या वसंतात त्याच्या स्वतःच्या स्नोमोबिलसकट बर्फ फुटून समुद्रात गेली होती. ही त्याने गाव सोडून चाललेल्या एका मास्तराकडून घेतली होती. लाकूड छान, नळी स्वच्छ, फक्त आतून तेलाने माखलेली. दक्षिणेकडच्या लोकांना तेलाची फार हौस. इथे उणे पस्तीसमध्ये तेल गोठतं, म्हणून बंदूक कोरडी ठेवायची आणि घराबाहेरच्या थंड पडवीत टांगायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. अकीशूने पहिल्याच दिवशी बोल्ट खोलून स्टोव्हमध्ये जाळायच्या नॅफ्थाने धुतला होता, पुसून लख्ख केला होता. मग एका डब्यावर तीन गोळ्या झाडून पाहिल्या. डब्याला तीन भोकं पडली. म्हणजे तेलाचा प्रश्न मिटला होता, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तंबूत येऊन त्याने ती दोन काडतुसं स्टोव्हच्या उजेडात धरली. चाप ओढला की बोल्टमधल्या सुईने काडतुसाच्या बुडाच्या टिकलीवर आपटून खोल खळगा पाडायला हवा, तरच बार उडतो. दोन्हींवर नुसता ओरखडा होता.

"काडतुसं खराब नाहीत," तो म्हणाला. "सुई हळू आपटतेय."

"का?"

"तेच बघायचंय, आई."

बंदूक बाहेर स्लेजवर ठेवून त्याने फक्त बोल्ट आत आणला. उबेत थोडा वेळ ठेवला, सुई मागे ओढून सोडली. टण्! अगदी कशी हवी तशी. पुन्हा टण्! स्प्रिंग दणकट होती. त्याच्या मनात नको ते येऊन गेलं. आपणच काही विसरलो का? सुरक्षेचा खटका अर्धवट राहिला होता का? हल्ली डाव्या डोळ्याला कमी दिसायचं, टँकरची नळी टाकीच्या तोंडात घालताना एकदोनदा चुकली होती. त्याने बोल्ट तंबूबाहेर बर्फावर ठेवला, एक कप चहा संपेपर्यंत थांबला, आणि बाहेर जाऊन सुई सोडली. या वेळी ती दमलेल्या म्हाताऱ्यासारखी हळूच पुढे गेली.

तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते त्याला कळलं. तो आत आला आणि बोल्ट खोलायला बसला. सुईभोवतीच्या स्प्रिंगमध्ये पिवळट गोळा होता, लोण्यासारखा घट्ट. त्याने बोटावर घेऊन वास घेतला. हा मास्तराच्या तेलाचा वास नव्हता. गोडसर, नवीन वास होता.

त्याने मान वर केली. उलायूचा चेहरा उतरला होता.

"रविवारी," ती म्हणाली. "तू टँकरवर होतास. दक्षिणेत शिकायला होते तेव्हा मी बंदुकीचा कोर्स केला होता ना, त्यात सांगितलं होतं, आतून तेल हवंच. मी बाटली आणली होती. मला वाटलं, लीयासाठी चाललोय, तर बंदूक नीट असावी." तिने ओठ दाबून धरले. "तू कोरडी ठेवलीस ते मला वाटलं, राहून गेलं असेल."

अकीशूला राग आला. आला म्हणजे चांगलाच आला, कानशिलं तापली. भाचीच असती नुसती, तर त्याने गावजेवणाला पुरतील इतक्या शिव्या दिल्या असत्या. त्याने दात आवळले आणि फडकं शोधायला लागला.

एवढ्यात रेडिओ खरखरला. रोज संध्याकाळी सातला तंबूवाल्यांची खबर घ्यायची गावाची रीत. बोलतो एक आणि घराघरांत कानात प्राण आणून ऐकतात सगळे. आज लीयाचा भाऊ मोसेसी बोलत होता. कंबर धरली म्हणून तो आला नव्हता, त्यामुळे जीभ तेवढी मोकळी होती.

"दाजी, मांस कुठवर आलं?"

"मांस टेकडीपलीकडे गेलं," अकीशू म्हणाला. "बंदूक उडेना."

"चाप ओढायचा असतो, दाजी. नुसतं रागाने बघून नाही चालत."

"दोनदा ओढला. टिकलीवर ओरखडा येतो फक्त."

रेडिओवर थोडी खरखर झाली. मोसेसीचा आवाज बदलला. थट्टा बाजूला राहिली, कारण तिकडे बहीण येणार होती. "उबेत आपटते का सुई?"

"उबेत झकास आपटते."

"मग तेल आहे आत. मास्तराचं."

"मास्तराचं मी धुतलं होतं. तुझ्यासमोरच."

"हो की, धुतलं होतंत. मग नंतर तेल कुणी घातलं?"

उलायूने माईकसाठी हात पुढे केला. ती गेल्या वर्षीच परतली होती. शिकून आलेल्यांना गाव आधीच पारखून बघतं, आणि एकदा हसलं की दहा वर्षं हसतं. अकीशूने माईक दुसऱ्या हातात घेतला, तिच्यापासून लांब.

"मीच घातलं," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"हो. विसरलो. जुनी सवय."

असली जुनी सवय इथे कुणालाच नसते, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पहिल्यांदा कुणाच्या तरी घरून बारीक हसणं आलं, मग दुसऱ्या घरून मोठ्याने. कुणी बाई म्हणाली, टँकरमध्येही तेल भरून आणू नका म्हणावं. तरुण पोरं कालपर्यंत त्याच्याकडे बंदूक दाखवायला आणायची. अकीशूने ऐकून घेतलं. झोंबलं त्याला, खोटं कशाला सांगू, फार झोंबलं.

"बरं, दाजी," मोसेसी शेवटी म्हणाला, "धुऊन काढा आणि उडवून दाखवा. ती वाट बघतेय."

रेडिओ बंद झाल्यावर उलायू म्हणाली, "मी सांगणार होते."

"माहीत आहे."

"मग का खोटं बोललास?"

"नॅफ्थाचा डबा दे," अकीशू म्हणाला.

स्टोव्हजवळ नॅफ्था उघडलं तर तंबूसकट उडायचं, म्हणून तो बाहेर गेला. हातमोजे घालून सुई धरता येत नव्हती. उघड्या बोटांनी त्याने एकेक भाग बुचकळला, पुसला, पुन्हा बुचकळला. त्या थंडीत नॅफ्था चटका देतं आणि मग काहीच कळेनासं होतं. एक छोटी कडी बर्फात पडली. ती गेली असती तर सगळंच गेलं असतं. उलायूने गुडघ्यावर बसून, श्वास रोखून, बर्फ मुठीमुठीने चाळला. तिसऱ्या मुठीत कडी सापडली.

बोल्ट जोडून झाला तेव्हा अकीशूची तीन बोटं पांढरी पडली होती.

"पोरा, दे इकडे हात," उलायू म्हणाली, आणि तिने ते हात स्वतःच्या कोटाखाली, काखेत धरून ठेवले. रक्त परत आलं तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रक्त परतताना येतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा जमिनीलगत बर्फ उडवत होता. माग बुजत चालले होते. दहा वाजेपर्यंत काही दिसलं नाही. पेट्रोलच्या काट्याकडे अकीशूने बघायचं सोडून दिलं. परत फिरायचं ठरवलेल्या खडकापाशी पोचले तेव्हा उलायूने त्याच्या पाठीवर थाप मारून उजवीकडे बोट दाखवलं. चार होते. उडत्या बर्फात त्यांचे नुसते पाय आणि पाठी आळीपाळीने दिसत होत्या.

दोघं सरपटत गेली. शंभर पावलं. अकीशूने बोल्ट लावला. रात्रभर बंदूक बाहेर थंडीतच होती. सुई धुतली होती, पण स्प्रिंगच्या टोकाशी थेंबभर राहिलं असलं तर? आता तीस आकडे मोजायला वेळ नव्हता, वारा कधीही सगळं झाकून टाकणार होता. शेजारी उलायूने दोन्ही हात स्वतःच्या पोटाखाली दाबून धरले होते, चुकूनही पुढे जाऊ नयेत म्हणून. त्याने उजव्या डोळ्याने नेम धरला आणि चाप ओढला.

आवाज टेकडीवर आदळून परत आला. एक मादी चार पावलं गेली आणि गुडघ्यांवर बसली.

उलायू रडत होती. अकीशूने सुरी काढली आणि म्हणाला, "चल आई, गोठायच्या आत सोलायला हवी."

विमान वेळेवर आलं. लीया चाकाच्या खुर्चीत होती, कोटात हरवून गेलेली. मोसेसी कमरेला पट्टा बांधून आला होता, आणि त्याला राहवलं नाही. "ताई, तुझ्या नवऱ्याने बंदुकीला तेल पाजलं, ऐकलंस का?"

उभी असलेली माणसं हसली. लीयाने अकीशूकडे पाहिलं. अडतीस वर्षं ती या माणसाबरोबर राहिली होती, या माणसाने तिचं शिवणयंत्रसुद्धा पडवीत ठेवू दिलं नव्हतं, त्यातलं तेल बंदुकीला लागेल म्हणून. मग तिने उलायूकडे पाहिलं, जराशी बघत राहिली.

"सासूबाई," लीया म्हणाली, "तुम्ही होतात ना बरोबर? मग पोराकडे लक्ष द्यायचं की नाही?"

"चुकलं, सूनबाई," उलायू खाली बघत म्हणाली.

"असू दे. पोरं ऐकतात थोडीच आईचं."

घरी जमिनीवर पुठ्ठा अंथरून, इथल्या रीतीप्रमाणे, कच्चंच मांस मांडलं. शेजारपाजारचे आले, ज्याने त्याने आपापली सुरी काढली. पहिला तुकडा लीयाचा. हाडाजवळचा, पातळ कापलेला, अर्धवट गोठलेला. तिने तो तोंडात घातला आणि डोळे मिटले. चावायला लागली. बराच वेळ चावत राहिली. औषधांनी तिच्या हिरड्या सोलवटल्या होत्या, गालाचा स्नायू नुसताच हलत होता. बोलणी एकेक करून थांबली. शेवटी लीयाने तो तुकडा तोंडातून काढला, मुठीत धरला, आणि मूठ मांडीवर ठेवली.

"चव कळली," ती म्हणाली. "पुरे."

अकीशूला कुठे बघावं कळेना. तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला.

उलायू उठून लीयाशेजारी येऊन बसली. तिने एक तुकडा कापला, स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावू लागली, जुन्या बायका दात न आलेल्या लेकरांसाठी चावायच्या तसा. चांगला मऊ झाल्यावर तिने तो दोन बोटांत घेतला आणि लीयाच्या ओठांजवळ धरला. लीयाने तोंड उघडलं आणि गिळलं.

"बरं लागलं का, सूनबाई?" उलायूने विचारलं.

लीयाने मान डोलावली. उलायू पुढचा तुकडा कापायला लागली होती.