मिठाचं पाणी लांब राहिलं

मी एक म्हातारी कोळंबी आहे, मित्रांनो, नदीच्या गोड्या पाण्यातली. माझी एक मिशी तुटली आहे आणि पाठीवर शेवाळ धरलं आहे, कारण आता माझी कात लवकर सुटत नाही.

माझा जन्म मात्र खाडीच्या तोंडाशी झाला, जिथे नदीचं पाणी खारट होऊ लागतं. आम्हा कोळंब्यांचं असंच असतं. आई पोटाखाली अंडी घेऊन डोंगरातून खाली येते आणि पिल्लं पाण्यात सोडते. पिल्लांना थोड्याच दिवसांत मिठाचं पाणी मिळालं, तरच ती जगतात. मला ते मिळालं. अंगात बळ आल्यावर आम्ही असंख्य भावंडं काठाकाठाने वर निघालो. धबधबा आला की पाण्याबाहेर येऊन ओल्या कातळाला चिकटत, एकमेकांच्या अंगावरून चढायचो. कितीतरी जणांना पक्ष्यांनी टिपलं. मी कशीबशी वरच्या डोहात पोहोचले आणि तिथेच संसार मांडला.

त्या डोहात दोघी जावा टोपल्या लावायला यायच्या. एकदा मी टोपलीत सापडले. धाकटी मला पिशवीत टाकणार, तोच थोरली म्हणाली, "अगं, पोटाखाली बघ तिच्या. लेकुरवाळी आहे. सोड तिला."

"चांगली मोठी आहे पण, जाऊबाई."

"असू दे. हिची पोरं वर आली, तरच पुढे आपल्याला काही मिळेल."

त्या खेपेला मी खाडीपर्यंत गेले, पिल्लं सोडली आणि परत आले.

मग नदीवर बंधारा झाला. माणसांना पाणी हवं होतं, त्यात वावगं काही नव्हतं. धाकटीचा नवराच तिथे दरवाजे उघडायच्या कामाला लागला. पुढच्या खेपेला मी खाली निघाले, तेव्हा अंड्यांतून इवलेसे काळे डोळे दिसू लागले होते. समोर भिंत आली. दरवाजे बंद होते, पाणी हलत नव्हतं. मी भिंत चाचपत फिरत राहिले आणि अंड्यांचा जीव गुदमरू नये म्हणून पायांनी त्यांना वारा घालत राहिले.

वरून थोरलीचा आवाज आला. "भाऊजी, दरवाजा थोडा उचला ना. सगळ्या माद्या इथे अडकल्यात बघा."

"वहिनी, पाणी वाया जाईल. मला जाब विचारतील."

"समुद्राला गेलेलं पाणी वाया कसं जाईल हो?"

 "साहेबांना विचारून बघतो," तो म्हणाला.

परवानगी यायच्या आधीच माझी अंडी फुटली. धूळ उडावी तशी पिल्लं वर आली आणि पोट वर करून उलटी पोहू लागली. मी त्यांना कुठे नेणार होते? त्यांना मीठ हवं होतं आणि माझ्याजवळ ते नव्हतं. एकेक करून ती पांढरी पडली आणि गाळावर बसली. मी त्यांच्यात उभी होते.

नंतर दरवाजा उचलला गेला.

"उशीर झाला का, वहिनी?" त्याने विचारलं.

थोरलीने खाली पाण्याकडे बोट दाखवलं. ज्यांची अंडी अजून फुटली नव्हती, त्या तरण्या माद्या प्रवाहाबरोबर निघून गेल्या. मी मागे राहिले. मला आता पुन्हा अंडी येणार नाहीत.

मित्रांनो, उद्या तुम्हीही बंधारे बांधाल. जरूर बांधा. पण भिंतीच्या एका कडेने थोडं पाणी वाहतं ठेवा, आणि तिथे खडबडीत दगड लावा. त्या माद्यांची पिल्लं परत येतील, तेव्हा त्यांच्या पायांना धरायला काही तरी हवं. ती माझी नसतील, हे मला ठाऊक आहे. तरीही मी भिंतीपाशीच थांबले आहे.