दुसऱ्या प्रतीची तपासणी

हिंगोलीतल्या त्या दोन टेबलांच्या कार्यालयात दुपारी रागिणीच्या अंगाला दरदरून घाम फुटला. लहान मुलांच्या दवाखान्यासाठी लिहिलेल्या कम्प्युटर प्रोग्रॅममध्ये, वजनावरून औषधाची मात्रा काढणारे सूत्र तिने फक्त आपल्या कम्प्युटरवर, चूक पकडली जाते का ते पाहायला, मुद्दाम दहापट चुकवले होते. सूत्राची उत्तरे आपोआप पडताळणाऱ्या तपासण्यांनी ते पकडायला हवे होते. पण सगळ्या तपासण्या उत्तीर्ण!

"काहून पांढरी पडलीस गं?" थोरले भागीदार शिवप्रसाद यांनी विचारले.

"काका, आपल्या तपासण्या मेल्या की काय?"

गेल्या आठवड्यात तिने तपासण्या वेगळ्या फोल्डरात हलवल्या, तेव्हा इम्पोर्ट अडला होता; म्हणजे तपासणीला सूत्राची फाइल सापडेना. लाइटीचा भरवसा नसल्याने महत्त्वाच्या फाइलीची नक्कल हाताशी ठेवायची, असा तिथला रिवाज. तिनेही सूत्राची नक्कल तपासण्यांशेजारी ठेवली आणि अडचण मिटली असे मानले. काल सूत्र बदलले ते मूळ फाइलीत. तपासण्या मात्र शेजारची जुनी नक्कलच वाचत राहिल्या. कालचे नवे सूत्र न तपासताच आज सकाळी दवाखान्यात पोहोचले होते.

"म्हणजे परीक्षा थोरल्याची घेतली अन् पास धाकट्याला केलं," शिवप्रसाद पुटपुटले. "ती नक्कल पुसून टाक. तू मुद्दाम घातलेलं दहापट काढून कालचं सूत्र परत ठेव. अन् तपासण्या सगळ्यात वरच्या, मुळाच्या फोल्डरातून चालव, म्हंजी खरी फाइल सापडंल."

तिने तसे केले. या वेळी नकलेशिवाय इम्पोर्ट झाला. पडद्यावर एक तपासणी नापास झाली: कालच्या सूत्राने दहा किलोंच्या आतल्या लेकराला मात्रा दुप्पट.

तिने फोन उचलला. दवाखान्याची लाइन गुंतलेली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पलीकडून परिचारिका धुरपताबाईंचा आवाज आला.

"मावशी, कम्प्युटरनं सांगितलेलं औषध कोणाला दिलं का?"

"सकाळधरनं मोठीच पोरं होती बाई. आत्ता नऊ किलोचं एक आलंय. औषध काढून चमचा हातात घेऊन उभी हाय."

"देऊ नका! मावशी, पाया पडते, देऊ नका!"

पलीकडून लेकराचे रडणे ऐकू येत होते. रागिणीने टेबलाची कड घट्ट धरली.

"वतलं मोरीत," धुरपताबाई म्हणाल्या. "डॉक्टरसायबाला हाक मारते. तू काहून रडून राहिलीस?"

डॉक्टरांनी हाताने हिशेब करून मात्रा मोठ्याने सांगितली, ती रागिणीने ऐकली. मगच तिला रिसीव्हर खाली ठेवता आला.