दोन मजल्यांचा जिना

दादाच्या कादंबरीची नायिका तीन आठवडे जिना चढत होती आणि टाइप करून करून गुडघे मात्र छोटीचे दुखायला लागले होते. छोटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. साठी उलटली तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. दादाचं अक्षर तिच्याशिवाय कुणाला लागत नसे, म्हणून रोज सकाळी येऊन ती त्याच्या कॉम्प्युटरपुढे बसायची.

प्रकाशकांचा तर धीरच सुटला होता. "हवं तर बाईंना लिफ्टने आणा," ते फोनवर म्हणाले, "पण सोमवारपर्यंत घरात आणा!"

छोटीला ते शंभर टक्के पटलं. "दादा, दोन मजले चढायला ऐंशी पानं? एवढ्यात माणूस डोंगर चढून, वर जेवून खाली येतो."

"तिला तेवढा वेळ लागला."

"तिला की तुला?"

नवी पानं तिच्यापुढे ठेवून दादा खिडकीशी जाऊन बसला.

छोटी तणतणत टाइप करू लागली. कठड्याच्या रंगावर एक पान. शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर दीड. पायपुसण्यानं असं काय पुण्य केलं होतं, देव जाणे! मग नायिका वळणावर थांबली, कठड्याला धरून तिनं डाव्या पायातली चप्पल काढली आणि आतला खडा झटकला.

छोटीची बोटं जागच्या जागी थांबली. वहिनीच्या चपलेत कायम खडा असायचा. सगळ्या गावाचे खडे हिलाच बरे सापडतात, म्हणून दादा तिला चिडवायचा. त्या दुपारी ती डॉक्टरांकडून एकटीच परत आली होती, याच जिन्यानं. आत येऊन तिनं डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यानंतरचं वर्ष कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. बघता बघता वहिनी गेली.

"दादा," छोटीनं हळूच विचारलं, "वर पोचली की ती सांगणार ना?"

"हो." तो खिडकीबाहेरच बघत होता. "तोवर मी आत पेपर वाचतोय. मजेत."

छोटीला भडभडून आलं. तिनं चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच दादाच्या मजकुरात स्वतःच्या मनानं एक ओळ घुसडली: 'वळणावर कुणीतरी खुर्ची ठेवली होती, ती जरा टेकली.'

तेवढ्यात फोन वाजला. सोमवारचं काय, असं प्रकाशक विचारत होते.

"नाही हो जमणार," छोटी ठामपणे म्हणाली. "लिफ्ट बंद आहे."